टेबले जमिनीवर आणण्याआधी

मा. मुख्यमंत्री,
गोवा राज्य, पणजी.



मांडवीतले कॅसिनो नदीबाहेर काढू, असा शब्द आपल्या आधीच्या सरकारांनी दिला, आपल्या सरकारनेही दिला, आणि सोबत मुदतवाढीचे आदेशही निघत राहिले. तरी कधी ना कधी ही मंडळी किनाऱ्याला लागणार असे मी धरून चालतो. डिसेंबर 2022 मध्ये पेडण्यातल्या मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तेव्हापासून पेडण्याच्या जमिनीवर बड्या हॉटेलांचा डोळा आहे, हे सांगायला ज्योतिषी नको. तिळारीच्या लाभक्षेत्रातल्या धारगळच्या जमिनीवरून झालेला गदारोळ आपण पाहिलाच आहे.

मी पेशाने वास्तुरचनाकार. हॉटेलांची कामे केली आहेत, त्यामुळे पाणथळीलगतच्या कॅसिनो-हॉटेलचे सादरीकरण आपल्यापुढे येईल तेव्हा पडद्यावर काय दिसेल, ते आजच सांगू शकतो. काचेची इमारत, पुढे कमळांचे तळे, तळ्यावर लाकडी पूल, एका पायावर उभे दोन बगळे, आणि वर संध्याकाळचे निळे-जांभळे आभाळ. या चित्रात ओहोटी कधीच नसते. चिखल नसतो, त्याचा वास नसतो, डास नसतात, आणि फुटलेल्या बांधावर माती टाकणारा माणूस तर नसतोच. चित्राखाली ‘निसर्गाशी एकरूप’ असे काहीतरी लिहिलेले असेल. त्या चित्राला मान डोलावण्याआधी हे पत्र वाचावे, एवढी विनंती.

जुगार बरा की वाईट, हा वाद मी इथे काढत नाही. तो वाद विधानसभेत कधीच झाला आणि त्याचा निकालही लागला. 1976 च्या सार्वजनिक जुगार कायद्याला 1992 मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आली. 1996 च्या दुरुस्तीने टेबलांवरच्या खेळांना पाण्यातल्या जहाजांवर मुभा मिळाली. जमिनीवर यंत्र, पाण्यावर टेबल, अशी ही वाटणी. मांडवी जहाजांनी भरली ती या कलमामुळे, नदीच्या सौंदर्यावर कोणी भाळले म्हणून नव्हे. आता टेबले जमिनीवर आणायची तर तेच कलम पुन्हा उघडावे लागेल. माझे सगळे म्हणणे त्या वेळेपुरते आहे. पाण्याच्या अटी लिहायच्या तर तेव्हाच, कायद्यात आणि परवान्याच्या पहिल्या पानावर. नांगर टाकलेल्या जहाजाला मागाहून अटी घालून काय होते ते पणजीकर रोज बघतात. जुलै 2017 मध्ये ऐन पावसात एक कॅसिनो जहाज मिरामारच्या वाळूत येऊन रुतले, तेव्हा तर सगळ्या देशाने पाहिले.

आणखी एक गोष्ट आपल्याच सरकारच्या काळातली. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला जाण्यास बंदी झाली. निर्णय मला पटतो. पण त्याचा एक अर्थ असाही होतो, की हॉटेलच्या भिंतीच्या आतले काहीच गोवेकराचे नाही. त्याच्या वाट्याला येणार ते भिंतीबाहेरचे, म्हणजे उजेड, आवाज, सांडपाणी, रात्री दोनला सुटणाऱ्या गाड्या आणि शेजारचे पाणी. मग इमारतीची बाहेरची बाजू कशी असावी हे ठरवण्याचा पहिला हक्क कोणाचा?

आता कायद्यातली फट. पाणथळींचे 2017 चे केंद्रीय नियम चांगले आहेत. पाणथळीचे रूपांतर करायला त्यांत मनाई आहे, आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरांत होडीच्या धक्क्याखेरीज कायमचे बांधकाम नाही. पण पाणथळीच्या व्याख्येतून भातशेते वगळली आहेत, मिठासाठी आणि मत्स्यशेतीसाठी बांधलेल्या रचनाही वगळल्या आहेत. म्हणजे आपले खाजन, बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन, जवळजवळ सगळे बाहेर, कारण खाजन हे भातशेतही आहे, मिठागरही आहे आणि मासळीचे तळेही. कुडचड्याजवळच्या नंदा तळ्याला 2022 मध्ये रामसर यादीत जागा मिळाली, गोव्यातले ते पहिलेच. त्याचे 42 हेक्टर क्षेत्र सुरक्षित झाले, आनंद आहे. हजारो हेक्टर खाजनाला मात्र आधार उरतो तो किनारा नियमन क्षेत्राचा. 2011 च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास कलम घालून खाजनात विकासकामांना मज्जाव केला होता, तो मिळवायलाही इथल्या लोकांना झगडावे लागले.

खाजन आपल्याला मी काय समजावणार! पण आराखडे काढणारे बहुधा मुंबई, दिल्ली किंवा सिंगापूरहून येतात. त्यांना मी नेहमी आधी मानशीवर नेतो. मानस म्हणजे बांधातले दार. दगडी खांबांमध्ये लाकडी झडपा, आणि त्या चालवायला ना मोटर ना वीज. भरती चढली की बाहेरचे पाणी झडपा दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पाणी त्या ढकलून उघडते. पावसाळ्यात शेतातले जादा पाणी असे आपोआप नदीत जाते आणि खारे पाणी कोरगुट भातापर्यंत पोचत नाही. कोरगुट खारेपणा सोसते, पण किती सोसेल याला मर्यादा आहे. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लागते आणि शेवटे, काळुंद्रे, सुंगटे मिळतात. त्या मासळीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि बांधाच्या डागडुजीला पैसा उभा राहतो. माती, शेती, मासळी आणि हिशेब असे सगळे एका लाकडी दारावर टेकलेले असते. पाहुण्या वास्तुरचनाकाराला मी तिथे तास-दोन तास नुसता बसवतो. भरती फिरताना झडप आधी थरथरते, मग एक बारीक धार आत येत राहते आणि मध्येच ‘धप्प’ असा आवाज होऊन दार मिटते. सादरीकरणातले कमळांचे तळे त्या आवाजानंतर बहुतेकांच्या डोक्यातून जाते. सगळ्यांच्या नाही.

हे दार बिघडायला फार काही लागत नाही. शेजारी भराव टाकून रस्ता उचलला, नाला वळवला, नाहीतर हॉटेलच्या ‘वॉटर फीचर’साठी पोंयीतली, म्हणजे मानशीच्या आतल्या तळ्यातली, पातळी बारमाही एकसारखी ठेवली, की पुरे. पाण्याची पातळी स्थिर ठेवणे हा हॉटेलवाल्यांचा हट्ट असतो, कारण फोटोत चिखल येता कामा नये. चढउतार थांबला की तिवरांची श्वासमुळे बुडून राहतात, पाणपक्ष्यांना चोच खुपसायला उघडा चिखल मिळत नाही आणि साचलेल्या पाण्यात डास मात्र झकास वाढतात. मग त्यांच्यासाठी धूरफवारणी. बांध फुटला आणि दोन पावसाळे कोणी हात लावला नाही, तर शेत पडीक होते. पडीक झाले की ते ‘नापीक’ ठरवून विकायला सोपे जाते. अशी उदाहरणे आपल्या तलाठ्यांना तोंडपाठ असतील.

खेळाचे दालन कसे चालते तेही पाहू. लास वेगासमध्ये बिल फ्रीडमन नावाच्या जाणकाराने अनेक वर्षे कॅसिनो अभ्यासून एक शास्त्रच मांडले होते. छत ठेंगणे ठेवा, वाटा चक्रव्यूहासारख्या ठेवा, माणसाचे लक्ष यंत्रावरून हलू देऊ नका. घड्याळ आणि खिडकी हे त्या शास्त्राचे शत्रू. रॉजर थॉमस या अंतर्गत सजावटकाराने स्टीव्ह विन यांच्यासाठी काम करताना ते उलटे केले. 1998 चे बेलाजियो आणि 2005 चे विन या हॉटेलांत उंच छते आली, फुले आली, दिवसाचा उजेड आला, आणि धंदा बुडाला नाही. आराखडा करणाऱ्यांनी आपल्याला ‘कॅसिनोला खिडकी चालत नाही’ असे सांगितले, तर थॉमस यांचे नाव काढावे.

तरीही खेळाचे दालन पाण्याकडे तोंड करून बसवू नये, असे माझे मत आहे. तिथे चोवीस तास उजेड, चोवीस तास वातानुकूलन, टेबलांवर रोखलेले कॅमेरे आणि पाठीमागे जनित्रे लागतात. पाण्याचा आणि त्या दालनाचा संबंध जितका कमी तितका दोघांना बरा. ते रस्त्याच्या बाजूला, पाण्यापासून सर्वांत दूर ठेवावे आणि त्याच्या आकाराला आधीच कात्री लावावी. सिंगापूरने दोन्ही एकात्मिक रिसॉर्टना परवाने देताना खेळाच्या जागेवर प्रत्येकी 15,000 चौरस मीटरांची मर्यादा घातली. मर्यादा आधी आली, मरीना बे सँड्स 2010 मध्ये नंतर उभे राहिले. आकडा सिंगापूरचाच घ्यावा असे नव्हे, क्रम तोच असावा. आपला आकडा त्याच्या कितीतरी खाली असायला हवा.

मकावचे उदाहरण मी मुद्दाम सांगतो, कारण तेही आपल्यासारखेच पोर्तुगीजांच्या अमलातून बाहेर आलेले. तिथे तायपा आणि कोलोआन ही दोन बेटे होती आणि मध्ये उथळ समुद्र, भरती-ओहोटीचा चिखल. तो भरून जी नवी जमीन तयार केली तिचे नाव दोन्ही बेटांची अक्षरे जोडून कोताय ठेवले. त्या भरावावर 2007 मध्ये व्हेनेशियन उभे राहिले. त्याच्या पोटात वरच्या मजल्यावर तीन कालवे आहेत. तळाला निळी फरशी, छतावर रंगवलेले ढग, आणि गाणी म्हणत गोंडोला वल्हवणारे नावाडी. खरे पाणी बुजवले आणि त्याच जागी पंप लावून खोटे पाणी वर चढवले! उरलेल्या काठावर काळ्या तोंडाच्या चमच्या पक्ष्यासाठी साधारण 55 हेक्टरांचा राखीव पट्टा ठेवलेला आहे. हा पक्षी दुर्मीळ आहे आणि दर हिवाळ्यात तिथे उतरतो. पट्टा ठेवला हे चांगलेच झाले. पण आधी सगळे भरायचे आणि मग उरलेल्या तुकड्याला कुंपण घालून कौतुक करायचे, हा क्रम आपण उचलू नये.

उचलण्यासारखे उदाहरण श्रीलंकेत आहे. कॅसिनो नाही, पण पाण्याकाठचे मोठे हॉटेल आहे. जेफ्री बावा यांना सिगिरियाच्या जवळची जागा दाखवली गेली होती. त्यांनी ती नाकारली आणि कितीतरी किलोमीटर लांब, कंडलमाच्या प्राचीन तळ्याकाठचा कातळ निवडला, जिथून सिगिरिया क्षितिजावर दिसतो. तळे नासेल म्हणून गावकऱ्यांनी आणि भिक्खूंनी कडाडून विरोध केला होता. त्या विरोधाचा धाक कामाला उपयोगी पडला असावा असे मला वाटते. 1994 मध्ये उघडलेली ती इमारत कातळाला बिलगून जवळजवळ एक किलोमीटर पसरली आहे. ती खांबांवर उचललेली असल्याने डोंगराचे पावसाचे पाणी तिच्या खालून तळ्याकडे जाते. दर्शनी भाग म्हणावा असे काही नाहीच, सगळे वेलींनी झाकून टाकले आहे. वऱ्हांडे उघडे आहेत, माकडे येतात, पाहुण्यांना खिडक्या लावून घ्यायला सांगावे लागते. थोरल्या वास्तुरचनाकाराने स्वतःची इमारत अशी दडवून टाकावी, ही गोष्ट सोपी नाही. आम्हा लोकांना मिरवायचे असते.

इतके लांब जायला नको असेल तर कांपालला जावे. चार्ल्स कोरिया यांची कला अकादमी मांडवीकाठी आहे आणि तिथल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात आपण कितीदा भाषणे केली असतील. इमारत बुटकी आहे, झाडांच्या वर डोके काढत नाही, आणि रस्त्यावरून आत शिरलेला माणूस सावलीतून चालत थेट नदीपाशी पोचतो. नदीत काय दिसते ते बाहेर जाऊन एका संध्याकाळी बघावे.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. बुटकी, पसरट इमारत जमीन जास्त खाते. मनोरा उभारला तर पायाखाली जागा कमी लागते, पण त्याचा उजेड मैलभर जातो आणि काचेवर पाखरे आपटून मरतात. दोन्ही बाजूंनी लोक तावातावाने भांडतात आणि दोघांचेही खरे असते. माझ्या दृष्टीने यातून एकच वाट निघते, खोल्या कमी करणे. बुटकी इमारत आणि थोड्या खोल्या. गुंतवणूकदाराला हे उत्तर आवडत नाही, म्हणून ते त्याच्यावर न सोडता परवान्यात घालायचे.

उजेडाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या परवानग्यांत त्याची कोणी दखल घेत नाही. जुलै 2019 मध्ये लास वेगासवर कोट्यवधी नाकतोडे उतरले. थवे इतके दाट की हवामानाच्या रडारवर दिसले. शहराच्या उजेडाने ते ओढले जात होते, हे नंतरच्या अभ्यासात पुढे आले. ते शहर वाळवंटात आहे. आपल्याकडे रायबंदरहून फेरी घेतली की पलीकडे चोडण, तिथे 1.78 चौरस किलोमीटरांचे सलीम अली पक्षी अभयारण्य, पाठीमागे कुंभारजुव्याचा कालवा आणि त्यातल्या मगरी. पौषात बोरीच्या बाजूला खाजनाच्या बांधावर चिखलाची मगर घडवून, तिला शिंपल्यांचे खवले लावून पूजा करतात. मानगे थापणी म्हणतात तिला. रात्री पाण्यात कोण असते याचे भान त्या गावांना होते. अशा पाण्यावर आकाशात फिरणारे झोत सोडणे हा अडाणीपणा आहे. पाण्याकडच्या बाजूला दिवे गुडघ्याच्या उंचीचे, पिवळसर, खाली तोंड केलेले असावेत, आणि रात्री दहानंतर तेही मालवावेत. पडद्यांविना काच नको, खोल पडव्या हव्यात. आपल्या जुन्या घरांच्या बलकांवांना हे ठाऊक होते. इमारतीवर नाचणाऱ्या दिव्यांच्या जाहिराती हव्याच असतील तर त्या हमरस्त्याच्या बाजूला लावा, आणि त्याही मर्यादेत.

सांडपाण्याच्या बाबतीत मात्र लास वेगासकडून शिकण्यासारखे आहे, हे कबूल करायला हवे. तिथल्या हॉटेलांच्या नळांतून गेलेले पाणी शुद्ध होऊन लास वेगास वॉश नावाच्या ओढ्याने मीड सरोवरात परत जाते. शहर वाढले तसा प्रवाह वाढला, ओढा खोल खचला आणि काठची पाणथळ वाहून गेली. मग ठिकठिकाणी बांध घालून, लव्हाळी लावून ती पुन्हा उभी केली. आज तिथे सुमारे 2,900 एकरांचे पाणथळ उद्यान आहे. पण त्यांचे पाणी गोडे आणि आपले खाजन खारे, हा फरक विसरून चालणार नाही. शुद्ध केलेले गोडे पाणीसुद्धा बारा महिने खाजनात सोडले तर तिथला खारटपणा बिघडतो. ते हॉटेलनेच आपल्या आवारात, वेगळ्या वाफ्यांत लव्हाळी लावून जिरवावे, नाहीतर बागेला आणि शौचालयांना वापरावे.

आणि पेडण्याचा सडा. ‘हा तर कातळ आहे, इथे कुठे पाणथळ?’ असे आपल्याला सांगतील. तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणारा तो जांभा स्पंजासारखा पाणी पितो आणि खालच्या गावांत झरींतून सोडतो. सड्यावर तीन मजले खोल वाहनतळ खणला, की झरीचा मार्ग तुटतो आणि त्याची बोंब उतारावरच्या कुळागरात आणि त्याखालच्या खाजनात उठते, हॉटेलच्या आवारात नाही. म्हणून पाणथळीपासून अमुक मीटर अंतर ठेवा, या हिशेबावर माझा विश्वास नाही. पाणी ज्या उतारावरून येते तो सगळा उतार नकाशात धरला पाहिजे. तळघर नको. वाहनतळ मोठ्या रस्त्यालगत आणि तिथून पाहुण्यांना बसने आणावे. मांडवीत आज ते होडीने जातातच की, कोणी तक्रार केलेली ऐकली नाही.

काही ठिकाणी मात्र कितीही कुशल रचनाकार आणला तरी उत्तर ‘नाही’ असेच असायला हवे. खाजनात नाही, चालू असो वा फुटलेल्या बांधाचे. मिठागरात नाही. चोडणच्या समोरच्या काठावर नाही. शेजारच्या महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो एक दिवसही अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे त्यांचे गिऱ्हाईक आपल्याकडेच येत राहणार. जागेसाठी घायकुतीला येण्याची पाळी गुंतवणूकदाराची आहे, आपली नाही. अटी घालायला यापेक्षा चांगली स्थिती कोणत्या राज्याला मिळेल?

तेव्हा मागणी अशी. कायद्याचे कलम उघडण्याआधी परवान्याच्या अटींचा मसुदा तयार व्हावा. त्यात खेळाच्या जागेची आणि खोल्यांची कमाल मर्यादा, पाण्याच्या बाजूच्या उजेडाचे नियम, उताराचा संपूर्ण नकाशा आणि तळघराला मनाई, हे सगळे असावे. मानशीच्या दारावर हॉटेलचा कोणताही हक्क राहणार नाही, ते गावच चालवील, हे स्वतंत्र वाक्यात लिहावे. बांधाच्या डागडुजीसाठी हॉटेलकडून दरवर्षी जी रक्कम घ्यायची ती कुळांच्या संघाकडे थेट जमा व्हावी, सरकारी तिजोरीतून फिरून नको. अट मोडली तर दंड नको, दंड ते खर्चाच्या खात्यात टाकतात. खेळाचे दालन त्या हंगामापुरते बंद ठेवावे. हा मसुदा मराठीत आणि कोकणीत ग्रामपंचायतीच्या फलकावर निदान 60 दिवस लागावा, आणि सुनावणी पावसाळ्यात, त्याच गावात घ्यावी, म्हणजे पाणी कुठून कुठे जाते ते सगळ्यांना पाहता येईल. आराखडे फुकट तपासून द्यायला मी आणि माझ्यासारखे आणखी काहीजण तयार आहोत.



आपला,
पणजीतील एक वास्तुरचनाकार